उपाशी सऱ्या

२५ एप्रिल, वायल्यापाता

काहीतरी चुकलंय. काटा दोनदा तपासला, ठीक आहे. पोती मी स्वतः मोजली. तरी कोऱ्या सऱ्यांचे बटाटे खताच्या सऱ्यांइतकेच भरले — जवळजवळ सारखेच!

प्रयोग तो काय? निम्म्या सऱ्यांना लेंडीखत घालायचं, निम्म्या तशाच कोऱ्या ठेवायच्या, आणि बघायचं की बटाट्यात फरक काय पडतो. शाळकरी पोरालाही कळेल. कोऱ्या सऱ्यांना गावात पहिल्या दिवसापासून 'उपाशी सऱ्या' म्हणतात. आणि आता ह्या उपाशी सऱ्या खात्यापित्या घरातल्या सुनांसारख्या गुटगुटीत निघाल्या.

सेनोबिया मावशी बांधावर माझ्या शेजारी येऊन बसली. जमीन तिचीच, बीही तिनंच टाकलेलं. वायल्यापातात बी टाकायला सगळे तिलाच बोलावतात, तिच्या हाताला गुण आहे म्हणून. म्हणाली, "एवढं पीक आलंय आणि तुझं तोंड का उतरलंय गं?" काय सांगू? पीक चांगलं आलं म्हणून रडू येतंय, असं कसं सांगायचं?

प्रबंधातला माझा जोडीदार लिम्बेर मात्र मजेत. बायकांच्या घोळक्यात बसून ढेकळांच्या भट्टीत भाजलेले बटाटे चापत होता. मानवशास्त्रवाल्यांचं बरं असतं. काहीही घडलं तरी त्यांना ते 'सापडलेलं'च असतं.

२८ एप्रिल, एल आल्तो

माझ्या मार्गदर्शकांकडे, वाल्दिविया सरांकडे गेले. वजनाचा कागद पुढे सरकवला. ते नुसते हसले. "वजन हा तुझा प्रश्नच नाही, योबाना. बटाट्यातलं लोह हा प्रश्न आहे. यंदा पाऊस बरा झाला. पावसानं कोरी जमीनही बटाटा फुगवते. फुगवणं वेगळं, कस वेगळा."

हे मला का सुचलं नाही? जिना उतरताना पाय हलके झाले. खरंच की! वायल्यापातातली पोरं पांढरीफटक दिसतात, म्हणून तर लोहाचा विषय घेतला. नमुने प्रयोगशाळेत दिले. आता वाट बघायची.

घरी आई आपीचं, म्हणजे मक्याच्या गरम पेयाचं, पातेलं घासत होती. "झालं का तुझं बटाटे-बटाटे?" म्हणाली. ताईचा साओ पावलोहून फोन आला होता म्हणे. तिच्या शिवणकामाच्या कारखान्यात माझ्यासाठी एक मशीन राखून ठेवलंय. राखून ठेवलंय! जसं काही नाटकाचं तिकीट.

जूनअखेरपर्यंत पदवी नाही मिळाली तर नाव कमी करतात. दोनदा मुदत वाढवून दिली — एकदा बाबा आजारी होते म्हणून, एकदा गेले म्हणून. तिसरं कारण माझ्याकडे नाही, आणि असावं असं वाटतही नाही.

६ मे

निकाल नाही. सकाळी आईच्या गाडीवर आपी ओतताना हात भाजला. गिऱ्हाईक म्हणालं, लक्ष कुठे आहे ताई? बटाट्यात आहे, बाबा.

१२ मे

निकाल आला.

लोह सारखं. जस्त सारखं. सगळं सारखं. खाली एक ओळ — दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी कागद देताना विचारलं, "नमुने एकाच पोत्यातले तर नाहीत ना?" वेडी समजतात की काय मला? पिशव्यांवर नावं मी स्वतः लिहिली, दोन रंगांच्या शाईनं.

बाहेर जिन्यावर बसले. कुणीतरी भिंतीवर आमच्याच योजनेचं पोस्टर लावलंय. विज्ञान आणि मानव्य हातात हात घालून. दोन विभागांचे दोन विद्यार्थी, एक प्रबंध, एकच तोंडी परीक्षा. पोस्टरवरची पोरगी दुर्बिणीसारखं काहीतरी धरून हसतेय. मला ते फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, एक कोपरा तेवढा ओढला.

एक आठवलं. डिसेंबरात झाडांना मातीची भर लावताना कोऱ्या सऱ्या हिरव्यागार दिसल्या होत्या. आणि मी काय केलं? खूश झाले! बिचाऱ्या तग धरून आहेत म्हणून कौतुक केलं. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

१६ मे, वायल्यापाता

कळलं.

मावशीच्या अंगणात बटाट्यांची निवड चालली होती. बियाण्याचे एकीकडे, खायचे एकीकडे, बारके थंडीत गोठवून वाळवायला. मी पण फतकल मारून बसले. हात चालवता चालवता सहज म्हणावं तसं विचारलं, माझ्या मोडक्या आयमारा भाषेत — मावशी, त्या उपाशी सऱ्यांना कुणी काही घातलं होतं का?

"घातलं की," ती म्हणाली. बटाट्यावरची माती पुसत, मान वर न करता. "मृतांच्या सणाला."

"कुणी?"

"मी. घालायचा हात एकच लागतो. ह्या बाकीच्या बायका लेंडीच्या टोपल्या वाहायला होत्या."

मग तिनं सगळं सांगितलं, अगदी मजेत. मी वडिलांचं ताट मांडायला एल आल्तोला गेले होते. इथे प्रत्येकानं त्या दिवशी परत येणाऱ्या आपापल्या मेलेल्या माणसांना जेवू घातलं. त्या दिवशी कुणी उपाशी राहायचं नसतं — मेलेल्यांनी नाही, जित्यांनी नाही, कुत्र्यानं नाही. "आणि तुझे वडील गेल्यापासून पहिल्यांदाच यायचे होते. वाटेत लेकीच्या सऱ्या बघणार. निम्म्या उपाशी! काय वाटलं असतं त्यांना? म्हणून त्यांचं नाव घेऊन घातलं. प्रत्येक बियापाशी एक ओंजळ."

हिलारिया म्हणून तिची धाकटी जाऊ आहे, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "पोरीनं शिकायचं म्हणून जमिनीनं उपास काढायचा होय? कसली गं तुमची शाळा?" सगळ्या हसल्या. मावशी पण.

आणि वर हे — "तुझा जोडीदारही होता की. टोपल्या उचलायला त्यानं मदत केली. दिसतो काडीसारखा, पण पाठीत दम आहे पोराच्या."

लिम्बेर!

मी ओरडणार होते. कुणावर ओरडू? ज्या बाईनं माझ्या बापाच्या नावानं माझ्या सऱ्यांना जेवू घातलं, तिच्यावर? मी आभार मानले. खरंच मानले. तोंडातून तेवढंच बाहेर पडलं. मावशीनं जाताना खायचे बटाटे बांधून दिले, त्याच सऱ्यांमधले. ट्रकमध्ये मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला ते कुठेतरी फेकून द्यावंसं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

१७ मे

लिम्बेरला कँटीनमध्ये गाठलं. "तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

एवढंच. वर आपला शांत. म्हणाला, प्रबंधातल्या त्याच्या अख्ख्या प्रकरणाचा गाभाच तो आहे. जमिनीची भूक म्हणजे लोक काय समजतात, हे त्याला त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसलं. असं वर्षानुवर्षं राहूनही कुणाला दिसत नाही. डोळे चमकत होते सांगताना!

"आणि माझं प्रकरण?"

"मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल. खत दिसेल तुला."

"सांगता येत नव्हतं?"

"आमच्यात ढवळाढवळ करत नाहीत, योबाना. लोक करतात ते करू द्यायचं. आपण बघायचं."

"टोपल्या उचलणं ढवळाढवळ नाही?"

"ते सहभागी होणं."

कप त्याच्या अंगावर फेकणार होते. कँटीनचा होता म्हणून वाचला.

मग तो खाली बघत म्हणाला, "मला बायकांना थांबवता आलं नसतं. खरं सांगतो. तू तिथं असतीस तर तुलाही आलं नसतं." हे खरं असेलही. म्हणूनच जास्त राग आला. तो वाईट असता तर सोपं होतं.

२० मे

सरांना आडून आडून विचारलं. सर, समजा एखाद्याच्या कोऱ्या वाफ्याला चुकून खत लागलं.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "समजा?"

"समजा."

"मग तो प्रयोग राहत नाही, सहल होते. मानव्यवाल्यांना सांगितलं तर ते टाळ्या वाजवतील. आमच्याकडे पुन्हा पेरायला पाठवतात."

"आणि पेरायला वेळच नसेल तर?"

"तर जे झालं ते लिहायचं आणि नापास व्हायचं. पण मान ताठ ठेवून."

सरांचं काय जातं? त्यांच्या मानेला मशीनवर वाकायचं नाहीये. ताई चार वर्षं तिथे आहे. मागच्या वेळी आली तेव्हा जेवतानासुद्धा तिची मान पुढे आलेली. आई तिला म्हणाली, नीट बस की. ती म्हणाली, नीटच बसलेय.

२१ मे

मुदतीसाठी अर्ज केला होता. खिडकीतल्या बाईनं कारण वाचलं आणि परत केला. "पिकाचं कारण चालत नाही. मृत्यू, बाळंतपण, आजार. ह्यातलं काही आहे?" नाही. अजून तरी नाही.

२६ मे

आई ताईशी फोनवर बोलत होती. मी झोपलेय असं समजून. "अगं तिचं काही होत नाही असं दिसतंय. तिकडचंच बघ." आईच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली होती.

बाबा गेले तेव्हा मी त्यांना शब्द दिला होता असं काही नाही. त्यांनी काही मागितलंच नाही. ते शेजाऱ्यांना सांगायचे, माझी धाकटी जमिनीची डॉक्टर होणार. एवढंच.

३० मे

आज केलं.

वाटलं होतं तेवढं कठीण नाही. कोऱ्या सऱ्यांचं लोह खाली आणलं. फार नाही, सर हसतील एवढं. जस्तही थोडं उतरवलं. वजनाचा तक्ता काढूनच टाकला. सरांनीच तर सांगितलं होतं, वजन हा तुझा प्रश्न नाही. आलेख काढला. दोन खांब, एक उंच, एक बुटका. इतका सुंदर आलेख माझ्या हातून आजवर निघाला नव्हता! बघतच राहिले.

मग संडासात जाऊन उलटी केली.

३१ मे

लिम्बेरला सांगितलं. त्याच्या प्रकरणातला मृतांचा सण गाळावा लागेल. त्यात सगळं आहे — टोपल्या, ओंजळी, कोणत्या सऱ्या. ते राहिलं तर माझा आलेख पहिल्याच पानावर मरतो.

"म्हणजे माझा गाभा काढायला सांगतेस."

"तू माझा काढलास."

मग म्हणाला, "खरं सांगून टाकू या. दोघं मिळून. मी उभा राहीन तुझ्याबरोबर."

"तुला काय! तू नापास झालास तर तुझी आई तुला आणखी एका वर्षाची फी देईल. मी झाले तर साओ पावलोच्या बसमध्ये बसेन. तेव्हा गप्प बसलास ना? आता पण बस."

हे बोलायला नको होतं. पण परिणाम झाला. त्यानं मान हलवली.

३ जून

सरांना तक्ते दिले. त्यांनी पानं उलटली, आलेखावर बोट ठेवलं. "बघ. म्हटलं नव्हतं? फुगवणं वेगळं, कस वेगळा." खुशीत होते. माझ्यावर खूश होते! गेल्या कित्येक महिन्यांत माझ्यावर कुणी खूश झालेलं नाही. मला इतकं बरं वाटलं की काय खरं ते क्षणभर विसरलेच.

११ जून

तारीख मिळाली. २६ जून. आईला सांगितलं. तिनं गाडीवरची सगळी आपी त्या वेळी रांगेत होते त्यांना फुकट वाटली.

१४ जून

नवीन संकट. लिम्बेर म्हणतो, गावातल्या बायका येणार आहेत. योजनेचा नियमच आहे — ज्यांच्या जमिनीवर काम केलं, त्यांच्यासमोर निकाल सांगायचा. मी सहीसुद्धा केली होती त्यावर. विसरले होते. ट्रकही ठरलाय.

"नको आणूस," मी म्हटलं.

"मावशीनं घेरदार पोयेरा नवीन शिवून घेतलाय तुझ्यासाठी. आता तूच सांग तिला नको येऊस म्हणून."

नाही सांगू शकत.

येऊ देत. बोलणं स्पॅनिशमध्ये. खांब, टक्के, आकडे. त्यांना काय कळणार आहे त्यातलं? बटाटे गुटगुटीत आले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. लोह काही डोळ्यांनी दिसत नाही.

१९ जून

लिम्बेर त्यांच्यासाठी शेजारी बसून आयमारात सांगणार आहे. मी म्हटलं, माझा भाग आला की जरा गोल गोल सांग.

"नाही," तो म्हणाला. "मी गाळलं, तुझ्यासाठी गाळलं. पण भाषांतरात बदल करणार नाही. तू जे बोलशील तेच त्यांच्या कानांत जाईल."

आता आठवलं ह्याला इमान!

२५ जून

हिरवं जाकीट ताईचं. बूट माझे, चमकवले. उद्या ह्या वेळी सगळं संपलेलं असेल.

२६ जून

पास. पहिल्या वर्गात. परीक्षकांनी उभं राहून हात मिळवला. आई रडली. ताई फोनवर रडली. हे सगळं आधी लिहून ठेवते, कारण बाकीचं लिहिताना हे खरं वाटणार नाही.

बायका पुढच्या दोन रांगांत होत्या. टोप्या, शाली, सणाचे पोयेरे. सेनोबिया मावशी मधोमध. प्रबंध कुणाला अर्पण केला ते आपल्याकडे आधी सांगतात, तसं मी उभी राहून बाबांचं नाव घेतलं. मावशीनं मान डोलवली. मग मी आलेख लावला.

लिम्बेर कुजबुजत होता. पहिल्यांदा त्याचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा. खताच्या सऱ्या — बायकांनी समाधानानं माना हलवल्या. मग कोऱ्या सऱ्या. मी म्हटलं, वरून बटाटे सारखेच दिसले, पण आत कस नव्हता. लिम्बेर थांबला. माझ्याकडे बघितलं. मी नजर काढून घेतली. मग तो बोलला.

हिलारिया आणि बाकीच्या बायकांनी एकदम माना वळवल्या. माझ्याकडे नाही. मावशीकडे.

प्रश्नांच्या वेळी मावशी उभी राहिली. आयमारात, हळू आवाजात. "त्या उपाशी सऱ्यांच्या अंगी काहीच लागलं नाही का?"

लिम्बेरनं ते परीक्षकांना स्पॅनिशमध्ये सांगितलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो बाई, कोऱ्या सऱ्या म्हणजे त्यांना काही घातलेलंच नसतं." बरेच जण हसले. प्रेमानंच हसले. मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या तोंडून हवं होतं.

मला तेव्हा सांगता आलं असतं. सभागृहभर माणसं होती, बोलायला जागा होती, मी उभीच होते. शेवटच्या रांगेत आई, तिच्या मांडीवर कागदी फुलांचा हार.

"नाही लागलं, मावशी," मी म्हटलं.

ती खाली बसली. पोयेरा नीट केला.

नंतर बाहेर सगळ्यांनी माझ्या डोक्यावर कागदाची रंगीत चुरी उधळली. मावशीनंही. आधी थबकली, हात शालीत ठेवलेला. मग दोन बोटांच्या चिमटीत अगदी थोडी चुरी घेऊन टाकली. मागे ती प्रत्येक बियापाशी ओंजळ घालणारी बाई! म्हणाली, "तुझे वडील बघत असतील." आणि ट्रककडे गेली.

२७ जून

केसांतून अजून चुरी निघतेय.

१५ जुलै

वाल्दिविया सरांनी विभागातच काम दिलं. सहायक म्हणून. मेजही आहे, खिडकीपाशी. ताईनं विचारलं, मशीन दुसऱ्या कुणाला देऊ का? दे म्हटलं. फोन ठेवल्यावर हसले, आणि मग रडले. कशासाठी ते कळलं नाही. कळलं. लिहीत नाही.

९ ऑगस्ट

विद्यार्थी संशोधनाच्या मेळाव्यात आमच्या प्रबंधाला मान मिळाला. लिम्बेर व्यासपीठावर आला नाही. ताप आहे असं कळवलं. परवा बाजारात मक्याचं कणीस खाताना दिसला. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

आईनं पाचामामाला, धरतीमातेला, वाहायला धूप आणि साखरेची खेळणी आणली. मला म्हणाली, तूच पेटव, तुझं काम झालंय. तीन काड्या विझल्या. वारा होता, बाकी काही नाही. वारा होता.

१९ ऑक्टोबर

लिम्बेर मेजापाशी येऊन उभा राहिला. बारीक झालाय. बस म्हटलं तरी बसला नाही.

वायल्यापाताहून आला होता. पेरण्या चालू आहेत. "मावशीला कुणी बोलावलं नाही," तो म्हणाला. "बी टाकायला. एकाही घरानं."

मी म्हटलं, वय झालं असेल तिचं.

"योबाना."

मी पेनाचं टोपण काढलं.

"हिलारियानं तिच्या लेकीला उभं केलं बी टाकायला. सगळ्या बायका तिथे होत्या ना सभागृहात. त्यांचा हिशेब सरळ आहे — सेनोबियानं स्वतःच्या हातानं घातलं, तुझ्या मेलेल्या बापाच्या नावानं घातलं, आणि जमिनीनं घेतलं नाही. वरून गुटगुटीत, आत काही नाही. विद्यापीठानं मोजून सांगितलं. तिच्या हाताचा गुण गेला." मग म्हणाला, "तिची स्वतःची जमीन पडून आहे. पेरलीच नाही तिनं."

मी त्याला म्हटलं, तू का नाही सांगितलंस तिला? तू होतास तिथे.

"सांगितलं," तो म्हणाला. "मला म्हणाली, तू आमच्यात बसून खाल्लंस, तू असंच बोलणार. मोजलं तिनं."

मोजलं तिनं. म्हणजे मी.

तो गेला. नमुन्यांच्या पिशव्यांवर नावं लिहायची होती. एकही लिहिली नाही.

२२ ऑक्टोबर

परवा जाते. सगळं सांगते. मावशीला एकदा खरं कळलं की ती बाकीच्यांना सांगेल. इथे विद्यापीठात कुणाला कळायची गरजच नाही. ती कशाला इथे येऊन सांगेल? पेरणी अजून आठवडाभर चालेल. वेळ आहे.

तीन रात्रींनी पहिल्यांदा भूक लागली.

२४ ऑक्टोबर, वायल्यापाता

सांगितलं. चुलीपाशी बसून, मोडक्या आयमारात, दोनदा. आकडे खोटे. ते मी बदलले. बटाटे चांगले होते, जमिनीनं सगळं घेतलं होतं, हात चांगला होता.

मावशीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्यापुढे बटाटे ठेवले. बाजारातून विकत आणलेले. डोक्यावरून हात फिरवायला गेली आणि मध्येच मागे घेतला.

"मन मोठं आहे तुझं, पोरी," ती म्हणाली. "म्हातारीसाठी एवढं खोटं बोलायला इतक्या लांब आलीस. पण तिथं, त्या सगळ्या शिकलेल्या माणसांसमोर, बापाचं नाव घेऊन सांगितलंस, ते खरं. खा आता, गार होतील."